गिरणीवरचा नंबर: नव्याने गिरणी चालवायला घेणाऱ्यांसाठी

गिरणी घेतलीत, वीजजोडणी मिळाली, दगड बसले, मोटर फिरली. आता धंद्यातलं खरं अवघड काम सुरू होतं. सोलापुरात पीठ बारीक येतं की जाडं, याची चर्चा घरोघरी होते. पण गिऱ्हाईक तुटतं ते बहुतेक वेळा नंबरावरून. 'त्यांच्याकडं मागनं आलेल्याचं आधी दळतात' हे एक वाक्य गल्लीत फिरलं की तुमच्या दारावरून डबे पुढच्या गिरणीत जायला लागतात, आणि कोणी तोंडावर येऊन कारणही सांगत नाही.

म्हणून एक गोष्ट पहिल्याच दिवशी मनाशी पक्की करा. नंबर गिरणीवाल्याचा नसतो, डबा ठेवणाऱ्याचा असतो. तुम्ही तो फक्त सांभाळता. ओळखीच्या माणसाचं दळण मध्येच टाकताना आपण उदार झालो असं वाटतं, पण ती उदारता मागे थांबलेल्या सहा बायकांच्या वेळातून केलेली असते. पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

पायरी १: नंबर कशाला द्यायचा ते ठरवा

नंबर माणसाला देऊ नका, दळणाला द्या. आपल्या शहरात हे फार महत्त्वाचं आहे. पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायकांना वळलेला माल ठरल्या वेळेला कारखान्यात द्यावा लागतो. यंत्रमागावर जाणाऱ्याची पाळी असते. गावाकडून आलेल्याला परतीची एसटी गाठायची असते. ही माणसं तासभर दारात उभी राहू शकत नाहीत. त्यांचा डबा उभा राहू शकतो.

पण डब्यात दळण हवं. सकाळी शटर उघडायच्या आधी पायरीवर रिकामा डबा, पिशवी, कधी नुसती चप्पल ठेवून जागा धरायची सवय असते. पहिल्या आठवड्यातच सांगून टाका की धान्य आत असेल तरच नंबर. धान्य निवडलेलंही हवं. खडे असतील तर तुमचे दगड खराब होतात, आणि दळण थांबवून खडे काढत बसलात तर पुढच्या सगळ्यांचा वेळ जातो. निवडलेलं नसेल तर डबा परत द्या आणि निवडून आणल्यावर जो नंबर चालू असेल तो द्या. सुरुवातीला लोक नाराज होतात, मग घरूनच निवडून आणतात.

फोनवरून नंबर घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत आहे. 'अण्णा, माझा एक धरून ठेवा, आलेच' असा फोन आला आणि तुम्ही 'बरं' म्हणालात, की दारात उभ्या असलेल्या माणसासमोर एक न दिसणारा डबा येऊन बसतो. तो त्याला दिसत नाही, पटत नाही, आणि पटू नयेच.

पायरी २: बिल्ल्यांची जोडी

वही-पेन चालतं, पण पिठाच्या हातांनी वही चार दिवसांत वाचता येत नाही. जोडीचे बिल्ले करून घ्या. पत्र्याचे, प्लास्टिकचे, कसलेही चालतील. एकाच आकड्याचे दोन: एक डब्याच्या कडीला, एक गिऱ्हाइकाच्या हातात. रोज सकाळी १ पासून सुरुवात. ज्वारीला एक रंग, गव्हाला दुसरा.

बिल्ल्याचा दुसरा फायदा नंबरापेक्षाही मोठा वाटेल. स्टीलचे डबे सगळे सारखेच दिसतात. एकाची मालदांडी ज्वारी दुसऱ्याच्या घरी गेली तर भांडण ठरलेलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, ती जास्त पैसे मोजून आणलेली असते, आणि भाकरी थापताना बाई पहिल्या हाताला ओळखते की हे पीठ आपलं नाही. बिल्ला बघितल्याशिवाय डबा कोणाच्या हातात द्यायचा नाही, शेजारणीच्याही नाही.

शिवाय आपल्याकडे एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू बोलणारी माणसं असतात. 'नंबर' हा शब्द या सगळ्यांना कळतो आणि आकडा वाचता येतो. एक फळा लावा, त्यावर फक्त चालू नंबर मोठ्या अक्षरात लिहा. इतका मोठा की रस्त्यावरून दुचाकी न थांबवता दिसावा. ज्याला कळतं की ११ चालू आहे आणि आपला १९ आहे, तो आत येऊन विचारत नाही.

पायरी ३: धान्याचा क्रम आणि माणसांचा क्रम

नवा माणूस इथंच अडकतो, म्हणून इथं जरा थांबून समजून घ्या.

किराणा दुकानात पहिल्याला साखर दिली आणि दुसऱ्याला तेल, तर काही बिघडत नाही. गिरणीत बिघडतं. दगडांच्या मध्ये आणि पीठ येतं त्या कापडी पिशवीत मागच्या दळणाचं थोडं पीठ राहतंच. गव्हानंतर लगेच ज्वारी टाकली तर पहिली भाकरी चिवट होते. ज्वारीनंतर गहू टाकला तर पोळी लाटताना तुटते. बाजरीनंतर काहीही टाकलं तरी पिठाचा रंग मळका येतो. हरभऱ्याच्या डाळीनंतर बेसनाचा वास राहतो. मग 'आधी येईल त्याचं आधी' हे सरळ पाळायचं म्हटलं, तर दर डब्याला दगड साफ करत बसावं लागेल आणि दिवसात निम्मंही दळण होणार नाही.

म्हणून बरेच गिरणीवाले काय करतात, तर ज्वारी चालू असताना ज्वारीचे डबे पुढे ओढतात आणि गव्हाचे मागे सारतात. काम म्हणून ते बरोबर आहे. पण गिऱ्हाइकाला त्यातलं काहीच दिसत नाही. त्याला एवढंच दिसतं की माझ्यानंतर आलेली बाई माझ्याआधी गेली.

उपाय असा, की धान्याची वेळ आधी जाहीर करा आणि त्या वेळेच्या आत नंबर काटेकोर पाळा. दोन गिरण्या बसवायची ऐपत असेल तर एक कायमची ज्वारीला ठेवा, सोलापुरात ती रिकामी राहणार नाही. एकच असेल तर सकाळी उघडल्यापासून दुपारपर्यंत ज्वारी, मग थंडीच्या दिवसांत बाजरी, चार वाजल्यापासून गहू, आणि डाळी सर्वांत शेवटी. तुमच्या गल्लीची सवय वेगळी असेल तर वेळा बदला, पण एकदा पाटीवर लिहिल्या की महिनाभर तरी हात लावू नका.

सकाळी नऊला कोणी गहू घेऊन आलं तर त्याला परत पाठवू नका. गव्हाच्या रंगाचा १ नंबरचा बिल्ला द्या आणि सांगा, 'ताई, गहू चारला सुरू होतो, तुमचा पहिला.' ती डबा ठेवून जाते. तिच्यानंतर दहा ज्वारीवाल्या दळून गेल्या तरी तिचं काही गेलेलं नसतं, कारण तिची ओळ वेगळी आहे हे तिला आधीच माहीत असतं. दोन्ही धान्यं आणणाऱ्याला दोन बिल्ले.

धान्य बदलताना दगडातलं मागचं पीठ काढायला जे धान्य पुढे सुरू होणार त्याचीच गिरणीची स्वतःची मूठ-दोन मुठी ठेवा आणि ती दळून बाजूला काढा, गुरांना जाते. गिऱ्हाइकाच्या डब्यातली मूठ यासाठी वापरू नका. ज्याचा पहिला नंबर, त्याच्याच धान्याचं नुकसान, असं झालं तर कोणाला पहिला नंबर नको वाटेल.

उपवासाच्या पिठाला वेगळी वागणूक द्यावीच लागते. राजगिरा, भगर धान्याला लागून चालत नाही. नवरात्र, आषाढी एकादशी, श्रावण या दिवसांत आदल्या रात्री दगड, पिशवी, सगळं झाडून-पुसून ठेवा आणि सकाळचा पहिला अर्धा तास फक्त उपवासाला द्या. हेही पाटीवर लिहा. मिरची आणि हळद पिठाच्या गिरणीत कधीच टाकू नका, त्याला कांडप यंत्र वेगळंच हवं.

पायरी ४: किती वेळ लागेल ते खरं सांगा

'होईल हो अर्ध्या तासात' असं सवयीने बोलू नका. एक दिवस घड्याळ लावून बसा आणि तुमची गिरणी तासाला किती किलो ज्वारी काढते ते मोजा. समजा ६० किलो निघते, म्हणजे मिनिटाला एक किलो. एखाद्याच्या पुढे ५-५ किलोचे ८ डबे आहेत, म्हणजे ४० मिनिटं. प्रत्येक डबा ओतणं, पिशवी झटकणं, वजन, सुटे पैसे यात दीड मिनिट धरा, त्याची १२ मिनिटं. झाली ५२. तोंडाने 'एक तास' सांगा. तासाचं सांगून पन्नास मिनिटांत दिलंत तर माणूस खूश होऊन जातो. अर्ध्या तासाचं सांगून पन्नास मिनिटं लावलीत तर तोच माणूस, तेवढ्याच वेळात, चिडून जातो.

याच आकड्यांवरून तुमची ताकद कळते. डब्याला साडेसहा मिनिटं, म्हणजे तासाला नऊ डबे. आता नव्या माणसाला वाटतं की तासाला नऊ डबे आले तर गिरणी भरून चालेल, छानच. तसं होत नाही. डबे ठरल्यासारखे एकेक करून येत नाहीत, कधी चार एकदम येतात, कधी वीस मिनिटं कोणीच नाही. रांगांचं हे गणित डेन्मार्कचे आग्नेर एर्लांग यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी मांडायला सुरुवात केली, आणि ते गिरणीलाही लागू पडतं. येणं आणि दळणं दोन्ही बेभरवशाचं धरलं, तर शंभरातली ८० मिनिटं मोटर चालत असताना सरासरी ४ डबे तुमच्याकडे असतात. ९० मिनिटं चालली की ९ आणि ९५ मिनिटं चालली की १९. काम थोडंसंच वाढतं, पण रांग एकदम फुगते. म्हणून सकाळी नऊ ते अकराची झुंबड दिसली की दगड जोरात फिरवायचा विचार करू नका. 'ताई, साडेअकरानंतर आलात तर लगेच होईल' असं चार जणींना सांगून बघा. निम्म्या तरी ऐकतात.

जागेचा हिशोबही करून ठेवा. १९६१ मध्ये जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकांनी सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: तासाला किती येतात आणि प्रत्येक जण सरासरी किती तास राहतो, यांचा गुणाकार म्हणजे एका वेळी तुमच्याकडे असलेली संख्या. तासाला ८ डबे येत असतील आणि डबा ठेवल्यापासून नेईपर्यंत सरासरी २ तास जात असतील, तर १६ डब्यांची जागा हवी, गर्दीच्या वेळेला त्याहून जास्त. लक्षात घ्या, दळून झालेला डबाही नेईपर्यंत तुमचीच जागा अडवतो. दळायचे डबे एका फळीवर, झालेले समोरच्या फळीवर, मधे मोकळी वाट. झालेल्या डब्याचं झाकण थोडं तिरकं ठेवा. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो, पीठ आधीच तापून निघतं, बंद डब्यात ते घामेजतं.

पायरी ५: 'जरा आधी टाका की'

हे रोज ऐकायला मिळेल. प्रकार मात्र वेगवेगळे असतात आणि सगळ्यांना एकच उत्तर नाही.

पहिला प्रकार लहान दळणाचा. 'अर्धा किलो तर आहे, दोन मिनिटं.' या मागणीत खरोखर तथ्य आहे. समजा २० किलोवाला पहिला आला आणि त्याच्यामागे एकेक किलोचे चार. नंबराने गेलो तर त्या चौघांना २०, २१, २२, २३ मिनिटं थांबावं लागतं, सगळ्यांची मिळून ८६. चौघांना आधी काढलं तर २० किलोवाला ४ मिनिटं थांबतो आणि सगळ्यांची मिळून १० मिनिटं होतात. आकडा बघून मोह होतोच. पण लहान दळणं चारवर थांबत नाहीत, पाचवं येतं, सहावं येतं, आणि २० किलोवाला सकाळपासून तिथंच. म्हणून त्या त्या वेळेला सूट न देता पाटीवरच जागा करा: दुपारी बारा ते साडेबारा, एक किलोपर्यंतची दळणं. आणि दुसऱ्या बाजूने, एका नंबरावर जास्तीत जास्त १० किलो. त्यावर असेल तर उरलेल्याला पुढचा नंबर.

कडक भाकरी करून विकणाऱ्या बचत गटाच्या बायका, खानावळी, हॉटेलं, यांचं दळण दिवसाच्या ओळीत घेऊ नका. त्यांना पहाटे किंवा रात्री बंद केल्यावरची वेळ द्या, त्यांनाही ती सोयीची पडते. त्यांचा धंदा तुमच्या पिठावर चालतो, त्यामुळे दिलेली वेळ चुकवू नका.

दुसरा प्रकार खऱ्या अडचणीचा. कडेवर तापाचं लेकरू, दिवस भरत आलेली बाई, काठी टेकत आलेले आजोबा, घरात कोणी गेलंय आणि पाहुणे जमलेत. अशांना आधी द्यायलाच हवं. पण तुम्ही मनाने देऊ नका, ज्याचा नंबर चालू आहे त्याला सगळ्यांसमोर विचारा: 'मावशी, यांच्या घरी असं असं झालंय, तुमच्या आधी टाकू का?' आजवर मावशी 'नाही' म्हणालेली मी पाहिलेली नाही. तीच पुढे होऊन डबा उचलून देते. न विचारता टाकलं असतं तर हीच मावशी घरी जाऊन चार जणींना सांगते. रांगेत मागे असलेल्यांनाही ऐकू गेलं पाहिजे, म्हणून हळू बोलू नका.

तिसरा प्रकार ओळखीचा: जागेचे मालक, गल्लीतले पुढारी, तुमची सख्खी आत्या. यांना उत्तर देताना चेहरा हसरा आणि शब्द ठरलेले ठेवा. 'काका, बिल्ला देतो, डबा राहू द्या, झाला की पोराबरोबर घरी पाठवतो.' घरपोच पाठवणं हा तुमचा वेळ आहे, तो खुशाल द्या. आणि तुमच्या स्वतःच्या घरचं दळण? त्यालाही बिल्ला लावा आणि तो लोकांना दिसू द्या. यापेक्षा मोठी जाहिरात नाही.

रमजानमध्ये इफ्तारच्या आधीचा एक तास गर्दी वाढते. तेव्हा सूट देण्यापेक्षा दुपारीच आठवण करा: 'भाभी, डबा तीनला आणा, पाचच्या आत नेता येईल.'

पायरी ६: हजर नसलेला, आणि वीज गेल्यावर

दळण तिथंच आहे म्हटल्यावर माणूस नसला तरी त्याचा नंबर आला की दळायचं. अडचण फक्त तेव्हा, जेव्हा काही विचारायचं असतं: जाडं की बारीक, भाजणी आहे की नुसती डाळ. म्हणून बिल्ला देतानाच विचारून डब्यावर खडूने खूण करा. विचारायचं राहिलंच तर पुढचा एक डबा घ्या, माणूस आला की लगेच त्याचा. पार शेवटी ढकलू नका.

वीज गेली की फळ्यावर गेल्याची वेळ लिहा. डबे हलवू नका, नंबर जागेवर. आल्यावर जो नंबर अर्धा राहिला होता तिथून सुरू. या वेळात 'मी दुसरीकडं जाते' म्हणणारीला डबा हसून द्या, तिचा बिल्ला काढून घ्या आणि परत आली तर नवा द्या.

दगडाला टाकी लावायचं, म्हणजे झिजलेला दगड छिन्नीने पुन्हा खरखरीत करायचं काम रात्री उरकत जा. दिवसा गिरणी बंद ठेवून टाकी मारत बसलात तर ठेवलेल्या डब्यांचा शब्द मोडतो. आणि वजनकाट्याची दरवर्षीची पडताळणी करून शिक्का दिसेल असा ठेवा.

पायरी ७: सणांची तयारी

काही दिवस नेहमीची पाटी पुरत नाही. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला शेतावर उंडे, भज्जी, आंबील घेऊन जायचं असतं, त्याच्या आदले दोन दिवस बाजरी-ज्वारीची रीघ लागते. भोगीच्या आधी बाजरी. लगेच संक्रांत आणि सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, घरोघरी पाहुणे, म्हणजे पुन्हा दळण. दिवाळीच्या आधी भाजणी आणि बेसन. या दिवसांसाठी आठवडाभर आधी वेगळी पाटी लावा, बाजरीची किंवा डाळीची वेळ वाढवा, आणि एका दिवसाला जास्तीत जास्त किती बिल्ले ते ठरवा. ते संपले की 'उद्या सकाळी' हे स्पष्ट सांगा. घेऊन ठेवलेलं आणि न झालेलं दळण सणाच्या आदल्या रात्री कोणाला चालत नाही.

हाताखाली पोरगा ठेवलात तर त्याला दगड शिकवायच्या आधी बिल्ला शिकवा. तुम्ही जेवायला गेल्यावर त्याच्याकडे लोक जास्त गळ घालतात, कारण त्याला 'नाही' म्हणायला जड जातं. त्याला एकच वाक्य पाठ करून द्या, 'मावशी, फळ्यावर बघा', आणि तुम्ही परत आल्यावर त्याने पाळलेला नंबर कधीही फिरवू नका, समोर कोणी का असेना.

पायरी ८: बंद करताना

बंद करायच्या एक तास आधी उरलेले डबे मोजा, मिनिटं काढा आणि त्यात बसतील तेवढेच नवीन बिल्ले द्या. तरी काही राहिलेच तर ते डबे आहे त्याच क्रमाने फळीच्या एका टोकाला लावा, बिल्ले तसेच राहू द्या आणि फळ्यावर 'कालचे' असं लिहून ते नंबर मांडा. सकाळी शटर वर केल्यावर पायरीवर कितीही डबे थांबलेले असोत, आधी ते कालचे दळा, मग १ नंबरचा बिल्ला काढा.